लिस्बन: एका रस्त्यावर एकच धंदा

खडीसाखर

लिस्बनला जाऊन आलेल्यांचे फोटो बघितले की पिवळी ट्राम, बेलेंचा बुरूज आणि पास्तेल दि नाता (कस्टर्ड भरलेली खुसखुशीत वाटी), संपलं. बाजारपेठेबद्दल कुणी लिहीत नाही. लिहिलंच तर 'रुआ आउगुश्ता हा खरेदीचा मुख्य रस्ता' या एका वाक्यात उरकतात. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. रुआ आउगुश्ता ही खरेदीची जागाच नाही. ती रोसियु चौकातून नदीपर्यंत रमतगमत जायची वाट आहे. दोन्ही बाजूंना जगभर दिसतात तीच कपड्यांची दुकानं, मध्ये टेबलं मांडून बसलेली हॉटेलं, मेन्यूकार्ड नाचवत अंगावर येणारे वेटर. शेवटी ती भव्य कमान (१८७३ मध्ये पूर्ण झाली, वर जाता येतं, जरूर जा) आणि पलीकडे तेजु नदी. खरा बाजार या रस्त्याच्या डाव्या-उजव्या अंगाच्या आळ्यांमध्ये आहे.

थोडा इतिहास सांगते, त्याशिवाय गंमत कळायची नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये. सकाळी भूकंप, मागोमाग नदीतून चढून आलेल्या लाटा, मग कित्येक दिवस आग. दोन टेकड्यांमधला हा सखल भाग, बायशा, पार झोपला. पुढे पोंबालचा मार्किश म्हणून ओळखला गेलेला राजाचा मंत्री आणि त्याचे लष्करी इंजिनिअर यांनी पट्टी घेऊन आखावं तशी नवी पेठ आखली. सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती, भिंतींच्या आत भूकंपात टिकाव धरणारा लाकडी सांगाडा. आणि १७६० मध्ये फर्मानच निघालं की कोणत्या रस्त्यावर कोणी बसायचं. रुआ दु ओरुवर सोनार, सापातेयरुशवर चांभार, कुरीएयरुशवर खोगीर आणि चामड्याचे पट्टे करणारे, दोरादोरिशवर सोन्याचा मुलामा देणारे, फांकेयरुशवर कापडवाले. आपल्याकडच्या तांबट आळी, बोहरी आळीसारखंच, फक्त हे सरकारने एका फटक्यात कागदावर ठरवलेलं.

आज सोनारांच्या रस्त्यावर बँका आणि हॉटेलं जास्त आहेत. खोगीरवाल्यांच्या रस्त्यावर तर खानावळीच खानावळी. पण रुआ दा कोंसेसांव बघा! हा आडवा रस्ता, २८ नंबरची ट्राम इथूनच खडखडत जाते. इथे शिवणकामाच्या सामानाची दुकानं अजून एकाला एक लागून उभी आहेत. अरुंद दार, आत छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावर आतला माल कळावा म्हणून एकेक बटण बाहेर टाचलेलं. लेस, फिती, झालरी, लोकर, शिंपल्याची बटणं. मी एका जुन्या ब्लाउजसाठी बटण शोधत होते. काउंटरमागच्या आजीबाईंनी ब्लाउज हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि शिडी लावून थेट वरच्या खणातला डबा काढला. भाषेचा प्रश्नच आला नाही. पन्नास सेंटची खरेदी, पण त्यांनी ती कागदाच्या छोट्या पुडीत बांधून दिली.

याच रस्त्याखाली रोमन काळातले दगडी भुयारी कमानमार्ग आहेत. वर्षातून मोजकेच दिवस, आतलं पाणी उपसून, लोकांना उतरू देतात. ट्रामच्या रुळांमधलं झाकण उघडून खाली जायचं! तिकिटं बघता बघता संपतात.

नदीकडे रुआ दुश बाकाल्युएयरुशवर 'कोंसेर्वेयरा दि लिश्बोआ' हे डबाबंद माशांचं दुकान आहे, १९३० पासूनचं. लाकडी फडताळं, जुनं कॅश रजिस्टर आणि डब्यांच्या उतरंडी. सार्डिन, बांगडा, ट्यूना, ईल, माकूल, ऑलिव्ह तेलात किंवा टोमॅटोत. तुम्ही घ्याल ते डबे कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधून देतात. उलट रोसियुकडे हल्ली सर्कशीच्या तंबूसारखी सजवलेली, दिव्यांनी लखलखणारी सार्डिनची दुकानं निघाली आहेत. तिथे तुमचं जन्मवर्ष छापलेला डबा मिळतो. फोटो काढा, डबे इथे घ्या.

बायशाच्या वर, टेकडीवरच्या शियादु भागात तीन दुकानं चुकवू नका. रुआ गारेतवरचं 'बेर्त्रांद', १७३२ साली सुरू झालेलं, अजून चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं पुस्तकांचं दुकान म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. मागितलंत तर पुस्तकावर तसा शिक्का मारून देतात. रुआ दु कार्मुवरचं 'लुवारिया उलिसिश', १९२५ पासून फक्त हातमोजे. आणि रुआ दु लोरेतुवरचं मेणबत्त्यांचं दुकान, १७८९ पासून. म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडत होता तेव्हा इथे कुणीतरी दुकानाची पाटी लावत होतं.

आव्हेनिदा दा लिबेर्दादवर सगळे महागडे ब्रँड आहेत. झाडं छान आहेत. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

कुणी राहत असेल तिथे, जाऊन आलं असेल, तर भर घाला.

---

निवांत_नाना

वाचनखूण साठवली. एक शंका: खालच्या बायशातून वर शियादुला जायला ती लोखंडी लिफ्ट आहे ना? रांग फार असते म्हणतात. गुडघे बरे नाहीत, म्हणून विचारतोय.

---

खडीसाखर

नाना, सांता जुश्ता लिफ्ट. १९०२ ची, ४५ मीटर उंच, दिसायला झोकदार. पण रांगेत तासभर सहज जातो. गुडघ्यांसाठी सोपा उपाय: 'बायशा-शियादु' मेट्रो स्टेशन. खालचं दार रुआ दु क्रुसिफिशुवर, वरचं दार थेट शियादुच्या चौकात, आणि मध्ये सरकते जिने. नाहीतर 'आर्माझेंश दु शियादु' या मॉलमध्ये खालून शिरायचं आणि लिफ्टने वरच्या रस्त्यावर निघायचं. लिस्बनचे म्हातारे हेच करतात.

पायात मात्र रबरी तळव्याचे बूट हवेत. फुटपाथवर चुनखडीचे काळे-पांढरे छोटे दगड जडवलेले असतात, वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की घसरगुंडी.

---

आबोली_मडगांवची

आमच्या घरात लिस्बन हा विषय निघाला की जेवण थंड होतं, त्यामुळे इथेही थोडं लांबणार, सांभाळून घ्या.

खडीसाखरताई, रुआ आउगुश्तावर खरेदी नसेलही, पण गोंयकाराने तिथे एका इमारतीपुढे थांबायलाच हवं. कमानीकडे जाताना लागणारं डिझाइनचं म्युझियम, 'मुदे'. ही पूर्वीच्या 'बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु'ची मुख्य कचेरी. १८६४ साली वसाहतींसाठी काढलेली बँक, १८६८ मध्ये तिची शाखा पणजीत उघडली. गोव्याच्या जुन्या नोटा काढून बघा, त्यावर याच बँकेचं नाव आहे. आमच्याकडे शेतकरी, बागायतदार, दर्यावर गेलेल्यांच्या बायका, सगळे अडीनडीला दागिने याच बँकेत गहाण टाकत. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य यायच्या आधी ते गहाण सोनं लिस्बनला रवाना झालं. गोवा मुक्त झाला, सोनं तिकडेच. ते परत आलं १९९१ मध्ये. तीस वर्षं! तोवर कितीतरी पावत्यांचे मालक वारले होते, आणि बांगड्या नेमक्या कोणाच्या यावर घराघरांत भांडणं.

म्युझियममध्ये खाली बँकेची जुनी तिजोरीची खोली आहे. पर्यटक तिथे सेल्फी काढतात. मी नाही काढली.

आता सोन्याबद्दल. पोर्तुगालचं पारंपरिक सोनं १९.२ कॅरट, म्हणजे हजारात आठशे भाग. आपल्या २२ कॅरटच्या डोळ्यांना ते जरा फिकं वाटतं. पण तारकाम बघा. उत्तरेकडच्या व्हियाना दु कास्तेलुचं ते हृदयाच्या आकाराचं लोलक, केसाएवढ्या तारेची वेलबुट्टी. खरं तारकाम हाताने करतात ते पोर्तोजवळच्या गोंदोमारमध्ये आणि पोव्हुआ दि लान्योझुमध्ये. बायशात स्वस्तात मिळतं ते बहुतेक साच्यातलं, मुलामा दिलेलं. विकत घेताना बारीक सरकारी छाप आहे का ते भिंगातून दाखवायला सांगा. सोन्याचं दुकान असेल तर भिंग असतंच. नसेल तर निघा.

जाता जाता: सोळाव्या शतकात गोव्याचा एक सोनार राजा मानुएलच्या काळात लिस्बनला जाऊन, तिथे दरबारासाठी काम करून गोव्याला परत आला होता. कागदपत्रांत त्याचं नाव 'राउलू शातिं' असं येतं. आमचे शेट. म्हणजे सोनं तिथे जायच्या आधी सोनार जाऊन आला.

आणि ताई, कुठल्याही साध्या कॅफेच्या काउंटरवर काचेआड 'शामुसा' ठेवलेला दिसेल. तो आपलाच सामोसा, आम्हा गोंयकारांबरोबर गेलेला. बियरबरोबर खातात.

---

रिकामा_रांजण

लेख छान, पण एक प्रामाणिक प्रश्न. सार्डिनचे डबे, हातमोजे, मेणबत्त्या, बटणं. मुंबईच्या माणसाला यातलं नक्की काय उपयोगाचं? युरोपात जाऊन मेणबत्ती आणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. आमच्याकडे लोडशेडिंग असायचं तेव्हा एकवेळ ठीक होतं. यादीत चॉकलेट, परफ्यूम नाहीत म्हटल्यावर आमच्या हिच्याने हा धागा अर्ध्यातच बंद केला.

---

खडीसाखर

रांजणराव, वहिनींना सांगा, चॉकलेटं विमानतळावर मिळतात, तीच आणि तेवढ्याच किमतीला.

हातमोज्यांचं म्हणाल तर 'उलिसिश'मध्ये मला घ्यायचे नव्हतेच. ते दुकान चारेक चौरस मीटरचं. आत एक गिऱ्हाईक, फार तर दोन. बाकीचे बाहेर उतारावर रांगेत. आत गेलं की काउंटरवरच्या छोट्या उशीवर कोपर टेकवायचं, पंजा वर. दुकानदार तुमच्या हाताकडे नुसतं बघून माप ओळखतो, लाकडी चिमट्याने मोज्याची एकेक बोटं सैल करतो, आत जराशी पावडर, आणि मग तो मोजा तुमच्या हातावर बोटाबोटाने बसवतो. शाळेतल्या मुलासारखं गप्प उभं राहावं लागतं. माझ्या पुढच्या बाई लग्नाचे मोजे घ्यायला आल्या होत्या, त्यांच्या आईनेही तिथलेच घेतले होते म्हणे. कातडं चालत नसेल त्यांनी बाहेरून बघा, काचेतून सगळं दिसतं.

उपयोगाचंच हवं असेल तर कोंसेसांवच्या लेस आणा. तीन मीटर लेस पिशवीच्या कोपऱ्यात बसते, आणि साडीला लावली की कुणी विचारल्याशिवाय राहत नाही.

---

तेजुकाठचा_पांथस्थ

लिस्बनकर आहे, कामाची जागा बायशाजवळच, त्यामुळे हे सगळं रोज पायाखालचं. सोनारांच्या रस्त्यावर आता बँका आणि हॉटेलं जास्त, असं धागाकर्तीने म्हटलंय, त्याबद्दल लिहितो, कारण पर्यटकांना वाटतं हे सगळं हौसेने जपलेलं आहे. तसं नाही.

इथे जुनी दुकानं टिकली त्याचं मोठं कारण म्हणजे गोठवलेली भाडी. आजोबांच्या काळचं भाडं नातू भरायचा. (मुंबईच्या पागडीवाल्यांना हे समजावून सांगायला नको.) २०११ मध्ये देश कर्जात बुडाला, बाहेरून पैसा आला, त्याबरोबर अटी आल्या, आणि २०१२ मध्ये भाड्याचा कायदा बदलला. नेमकी त्याच सुमारास पर्यटकांची लाट. मालकाला दिसायला लागलं की खाली बटणांचं दुकान ठेवण्यापेक्षा अख्खी इमारत हॉटेलवाल्याला दिली तर काय मिळेल. मग पाट्या उतरायला लागल्या. रोसियुवरची 'सुइसा' ही पेस्ट्रीची जुनी जागा, १९२२ ची, २०१८ मध्ये बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात हिटलरपासून पळून अमेरिकेच्या बोटीची वाट बघणारे निर्वासित तिच्या टेबलांवर बसायचे.

महापालिकेने २०१५ मध्ये 'लोजाश कों इश्तोरिया' नावाची योजना काढली. जुन्या, वैशिष्ट्य असलेल्या दुकानांची निवड करून दारावर खूण लावतात, थोडी आर्थिक मदत, आणि २०१७ च्या कायद्याने भाडेवाढीपासून काही काळ संरक्षण. दारावर ती खूण दिसली तर आत जा. काहीतरी विकतही घ्या. नुसते फोटो काढणाऱ्यांना ही मंडळी आता वैतागली आहेत, काही ठिकाणी तशा पाट्याच आहेत.

माझी स्वतःची आवडती: रोसियुवरचं टोप्यांचं दुकान 'आझेव्हेदु रुआ', १८८६ चं. प्रासा दा फिगेयरावरचं बाहुल्यांचं हॉस्पिटल, १८३० चं. (खरंच हॉस्पिटल. तुटलेली बाहुली भरती करून घेतात. वर मजल्यावर खणांमध्ये नुसते डोळे, नुसते हात. लहान मुलांना नेताना विचार करा.) त्याच चौकात 'कोंफेयतारिया नासियोनाल', १८२९ पासून, नाताळात इथल्या 'बोलु रेय' केकसाठी रांग फुटपाथभर जाते. आणि सां दोमिंगुश चर्चपाशी भिंतीतलं भोक म्हणावं एवढं दुकान, 'आ जिंजिन्या', १८४० चं. आंबट चेरीची दारू, छोट्या पेल्यात, रस्त्यातच उभं राहून घ्यायची. चेरीसकट की चेरीशिवाय एवढंच विचारतात.

बायशापासून दहा मिनिटांवर मार्तिं मोनीश. युरोपियन लिस्बन बघायला आलेले लोक हा भाग टाळतात, आणि आम्ही किराणा तिथूनच आणतो. रुआ दु बेंफोर्मोझुवर बांगलादेशी दुकानदार, चौकातल्या मोराऱिया मॉलमध्ये चिनी, आफ्रिकी, आपले गुजराती. हे गुजराती बरेचसे मूळचे दीवचे, मोझांबिकमध्ये धंदा केलेले आणि तिथल्या स्वातंत्र्यानंतर इकडे आलेले. घरात गुजराती, दुकानात पोर्तुगीज, आणि मी मराठी आहे म्हटल्यावर हिंदी. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता, शिंगाड्याचं पीठ, सगळं मिळतं. एकादशीची अडचण होत नाही.

अवांतर: रुआ आउगुश्तावर कुणीतरी बाजूने चालत कानाशी 'हशीश, हशीश' पुटपुटेल. घाबरू नका. बहुतेकांकडे असतो तो दाबून वडी केलेला तमालपत्राचा पाला. 'नांव' म्हणायचं आणि चालत राहायचं. खरी काळजी २८ नंबरच्या ट्राममध्ये खिशाची घ्या.

---

बोरूबहाद्दर

पांथस्थ, 'मोराऱिया' नाही, 'मोरारिया'. बाकी प्रतिसाद +१.

मूळ लेखात थोडी भर. रुआ दा प्राता हे नाव नंतरचं. १७६० मध्ये तिचं नाव 'रुआ बेला दा राइन्या', राणीसाहेबांचा रस्ता, पण चांदीवाले तिथेच बसवले होते. १९१० मध्ये राजेशाही गेली, तशी राणीही पाटीवरून गेली आणि चांदी आली.

भूकंपाआधीच्या बाजाराबद्दलही लिहायला हवं, कारण आपला संबंध त्याच्याशी जास्त आहे. आजच्या बायशाच्याच भागात, नदीजवळ, 'रुआ नोव्हा दुश मेर्कादोरिश' म्हणजे व्यापाऱ्यांचा नवा रस्ता होता. सोळाव्या शतकात युरोपातल्या सर्वांत श्रीमंत बाजारांपैकी एक. चिनी मातीची भांडी, गुजरातेतले शिंपल्याचं जडावकाम केलेले पेटारे, आपल्या किनाऱ्यावरून गेलेलं सुती कापड, सिंहलद्वीपचे हस्तिदंती डबे. मिरी मात्र राजाची मक्तेदारी, तिचा हिशेब 'काझा दा इंदिया'त, म्हणजे भारताशी चालणाऱ्या व्यापाराच्या सरकारी कचेरीत. दुसऱ्या बाजूला त्याच शहरात माणसंही विकली जात, हे विसरून त्या वैभवाचं कौतुक करता येत नाही.

तो रस्ता १७५५ मध्ये नाहीसा झाला. पण गंमत अशी, की इंग्लंडमधल्या केल्मस्कॉट मॅनर या घरात दोन जुनी चित्रं टांगलेली होती. चित्रकार रोझेटीने ती १८६६ मध्ये विकत घेतली होती. कुठला तरी स्पॅनिश देखावा असेल असं समजून लोक पुढे जात. २००९ मध्ये अ‍ॅनमारी जॉर्डन ग्श्वेंड आणि केट लो या दोन अभ्यासकांनी ओळखलं की हा तोच रस्ता. उंच अरुंद घरं, खाली खांबांची ओसरी, समोर लोखंडी कठडा आणि कठड्याच्या आत गप्पा मारणारे व्यापारी. गर्दीत काळी माणसं बरीच. एक चित्र मधोमध कापल्यामुळे दोन झाली आहेत.

---

खडीसाखर

बोरूबहाद्दर, क्या बात है! कठड्याच्या आत व्यापारी आणि बाहेर बाकीचे, हे माहीत नव्हतं.

---

पैचा_हिशेब

कामाचं बोलतो. भारतातून जाणाऱ्यांना पोर्तुगालमध्ये भरलेला व्हॅट परत मिळतो. सर्वसाधारण वस्तूंवर दर २३ टक्के आहे, परत मिळताना एजन्सीचं कमिशन कापून मिळतो. एका दुकानातली, एका बिलावरची खरेदी साधारण ६१.५० युरोच्या वर हवी. म्हणजे खडीसाखरताईंची पन्नास सेंटची बटणं बाद. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या. विमानतळावर मशीन आहेत, तिथे स्कॅन करायचा. पण वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून बॅग चेक-इन करायच्या *आधी* हे उरका.

माशांचे तेलातले डबे केबिन बॅगेत ठेवू नका. सुरक्षा तपासणीत तेल म्हणजे द्रव.

आणि वेळा! बरीच जुनी दुकानं दुपारी जेवायला बंद होतात, काही शनिवारी दुपारनंतर उघडतच नाहीत. नव्या दुकानांना हे लागू नाही.

---

तुळसवृंदावन

मासे नकोत, चामडं नको, सोनं झेपत नाही. आम्ही काय आणावं? जावेसाठी आणि तिच्या मुलीसाठी काहीतरी हवंय. फरशांबद्दल ऐकलंय, त्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात ना?

---

खडीसाखर

तुळसवृंदावन, जावेसाठी बुचाची पर्स. बाटलीचं बूच असतं ना, तेच. बुचाच्या ओकची साल, पातळ पापुद्रा काढून कापडावर चिकटवलेली. हलकी, मऊ, पाणी लागलं तरी चालतं. जगातलं जवळजवळ निम्मं बूच पोर्तुगालात होतं. झाड तोडत नाहीत. पहिली साल काढायलाच पंचवीसेक वर्षं थांबतात, मग दर नऊ वर्षांनी. खोडावर कोणत्या वर्षी काढली त्याचा आकडा रंगवून ठेवतात. बायशात पावलोपावली मिळते, शिवण आणि चेन तपासून घ्या.

मुलीसाठी शनिवारी सकाळी शियादुमध्ये रुआ आंशियेतावर जुन्या पुस्तकांचे टेबल लागतात. जुनी पोस्टकार्डं, नकाशे, पोर्तुगीज शिकायची बालवाडीची पुस्तकं. किंवा इंतेंदेंतेला 'आ व्हिदा पोर्तुगेझा'त जा. एका पत्रकार बाईने पोर्तुगालात अजून बनणाऱ्या जुन्या वस्तू हुडकून काढलेलं हे दुकान. साबण, पेन्सिली, कोबीच्या पानाच्या आकाराच्या बशा. स्वस्त नाही, पण एका छपराखाली.

फरशांबद्दल मात्र थांबा. तो जुना बाजार म्हणजे 'फेयरा दा लाद्रा', मंगळवार आणि शनिवार, सांता क्लारा मैदानात, राष्ट्रीय स्मारकाच्या त्या पांढऱ्या घुमटाशेजारी. (आत वास्को द गामा आणि आल्बुकेर्कच्या नावाची रिकामी थडगी आहेत, तेही बघून घ्या.) बाजार मजेचा आहे: पितळी कड्या, जुने रेडिओ, रेकॉर्ड, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो अल्बम. पण चादरीवर सुट्या मांडलेल्या जुन्या निळ्या फरशा घेऊ नका. कितीतरी घरांच्या दर्शनी भिंतींवरून त्या रात्री उचकटून आणलेल्या असतात. गल्ल्यांतून फिरताना भिंतीवर मध्येच चौकोनी सिमेंट दिसतं ना, ते त्यामुळे. २०१७ पासून फरशांच्या दर्शनी भिंती उतरवायलाही देशभर कायद्याने बंदी आहे. नवीन, हाताने रंगवलेल्या हव्या असतील तर रुआ दु आलेक्रिंवर 'सांतआना'चं दुकान आहे. कारखाना १७४१ पासूनचा. एकच फरशी आणा, ओट्याच्या वर लावायला. अगदी जुनीच पाहिजे असेल तर पावती देणाऱ्या पुराणवस्तूंच्या दुकानातून.

---

ओळंबा

आर्किटेक्ट म्हणून गप्प बसवत नाही. शियादुतला जो भाग तुम्ही सगळे 'जुना' म्हणताय, त्यातला बराचसा १९८८ नंतरचा आहे. २५ ऑगस्ट १९८८ च्या पहाटे ग्रांदेल्या या मोठ्या दुकानात आग लागली, आणि १८ इमारती गेल्या. रुआ दु कार्मु तेव्हा नुकताच पादचाऱ्यांसाठी केला होता, मध्ये बाकं आणि फुलांचे पक्के वाफे. अग्निशमन बंबांना शिरताच येईना. शहर सुशोभीकरणाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मी हे उदाहरण देतो, आणि मग माझं नाव पुढच्या मीटिंगला नसतं.

पुनर्बांधणीचं काम आल्व्हारु सिझा या पोर्तुगीज आर्किटेक्टकडे दिलं. काहीतरी अचाट नवीन करायची संधी होती. त्यांनी दर्शनी भिंती होत्या तशा उभ्या केल्या, आत काँक्रीट घातलं, आणि मागची आवारं लोकांसाठी उघडली. रुआ गारेतवरून एका कमानीतून आत गेलात की एक शांत अंगण लागतं, आणि तिथून वाट कार्मु चर्चच्या भूकंपात छत गेलेल्या अवशेषांपर्यंत चढते. शंभरातले पाच लोकही त्या कमानीत शिरत नाहीत. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनही सिझाचंच. निवांत_नाना, सरकत्या जिन्यावर उभे असताना वरच्या पांढऱ्या टाइल्स बघा.

---

निवांत_नाना

बघतो. पण आमची सगळी पंचाईत झाली. ट्रॅव्हल कंपनीने लिस्बनला जो मोकळा दिवस दिलाय तो नेमका रविवार निघाला.

---

तेजुकाठचा_पांथस्थ

नाना, रविवारी कोंसेसांवची बटणवाली, मेणबत्तीवाले, टोपीवाले, सगळे बंद. हातमोजेवालेही. पण दिवस वाया जात नाही.

सकाळी रोसियुवरून सुरू करा. गर्दी व्हायच्या आत, म्हणजे नऊच्या सुमारास, रिकाम्या आळ्यांमधून फिरा. शटर बंद असली की वरच्या पाट्या, लोखंडी कठडे आणि फरशा नीट दिसतात. मग मेट्रोच्या जिन्याने शियादु, 'बेर्त्रांद' उघडं असतं, आतल्या आत एकामागून एक कमानीच्या खोल्या आहेत, बसायलाही जागा आहे. तिथून ओळंबा म्हणतात ते अंगण. जेवायला खाली मार्तिं मोनीशला या, तिथली दुकानं चालू असतात, आणि वरणभात खाल्ल्यावर गुडघेही ऐकतात. दुपारी आल्कांतारात 'एलएक्स फॅक्टरी', जुन्या कारखान्यांच्या आवारात रविवारचा बाजार भरतो. नव्या पोरांनी केलेल्या वस्तू, थोडा दिखाऊपणा आहे, पण 'लेर देव्हागार' हे पुस्तकांचं दुकान एका जुन्या छापखान्यात आहे. आतलं अवाढव्य छपाईयंत्र अजून तिथेच उभं आहे. परतताना 'जिंजिन्या', ती रविवारी चालू असते.

बटणं हवी असतील तर सांगा, सोमवारी आणून ठेवतो. तुमचा ग्रुप कधी निघतोय?

---

निवांत_नाना

सोमवारी दुपारी पोर्तोला. बटणं नकोत, हिला ती लेस हवीय, तीन मीटर, पांढरी. व्यक्तिगत निरोप पाठवतो.